ऑटोमॅटिकची मॅन्युअल केली, पण रिव्हर्स टाकताना गिअर खरखरतो: गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे तपासा

इंजिन बंद असताना चारही गिअर लोण्यासारखे पडतात. इंजिन चालू केलं, पेडल तळापर्यंत दाबलं आणि रिव्हर्स टाकायला गेलं की खर्रर्र! जुन्या अमेरिकन मसल कारमधला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून मॅन्युअल बसवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडून मला हीच तक्रार ऐकू येते.

मी डेट्रॉइटजवळ राहतो. माझ्या १९६९ च्या कॅमॅरोमध्ये ३५० घन इंचाचं इंजिन आणि टर्बो ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता, तो काढून मी एका दुकानातून मन्सी फोर-स्पीड, म्हणजे चार गिअरचा मॅन्युअल, बसवून घेतला. त्यानंतर मित्रांच्या आणि मित्रांच्या मित्रांच्या शेव्हेल, मस्टँग, एक प्लिमथ अशा गाड्या माझ्या गॅरेजमध्ये येत राहिल्या. दर वेळी मालकाचा पहिला संशय गिअरबॉक्सवर असतो, आणि आजवर गिअरबॉक्स खरोखर दोषी निघाला तो फक्त एकदा. बाकी सगळ्या वेळी क्लच पूर्ण सुटत नव्हता, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नव्हतं, आणि त्याचं कारण पेडल ते क्रँकशाफ्टचं (इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) टोक या दोन-अडीच फुटांत कुठेतरी होतं. म्हणून कळकळीने सांगतो, क्लच किती सरकतो ते मोजल्याशिवाय गिअरबॉक्सचे बोल्ट सैल करू नका.

लक्षणं

इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि चालू असताना रिव्हर्स खरखरतो, पहिला जोर लावून घालावा लागतो, ही मुख्य खूण. सपाट रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये पेडल पूर्ण दाबून ठेवलं तरी गाडी हळूच पुढे सरकते. सकाळी ठीक वाटतं, पण वीस-पंचवीस मिनिटं वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूच्या सिग्नलांवर थांबत-थांबत चालवलं की त्रास वाढतो. काहींना पेडल दोन-तीन वेळा भराभर मारल्यावर गिअर गुपचूप पडतो असा अनुभव येतो. ही शेवटची खूण हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, क्लचची आहे, ती लक्षात ठेवा.

तक्रार खरी आहे का, हे ठरवायला दहा सेकंद पुरतात. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन आयडलवर. पेडल तळाला दाबा आणि मनात दहा आकडे मोजा, मग रिव्हर्स टाका. मन्सीत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी कडी, नाही. पेडल दाबल्याक्षणी क्लचकडून गिअरबॉक्सात जाणारा शाफ्ट अजून आपल्या वेगाने फिरत असतो, त्यामुळे घाईने टाकलेला रिव्हर्स खरखरणारच, तो दोष नव्हे. दहा सेकंदांनी शाफ्ट थांबलेला असायला हवा. दुसरा मार्ग असा: पेडल दाबून आधी चौथ्या गिअरकडे दांडा हलकेच न्या, म्हणजे तिथला सिंक्रो शाफ्ट थांबवेल, आणि पेडल न सोडता रिव्हर्स टाका. आता आवाज आला नाही तर तुमचा क्लच निरोगी आहे, फक्त सवय बदला. मात्र पेडल दाबलेलंच ठेवून पुन्हा दहा सेकंद न्यूट्रलमध्ये थांबल्यावर परत खरखर आली, तर शाफ्टला कोणीतरी फिरवतंय. पुढचं सगळं त्या कोणीतरीच्या शोधासाठी आहे.

काही तक्रारी याच कामानंतर येतात पण यात मोडत नाहीत, त्या आधीच वेगळ्या काढतो. इंजिन बंद असतानाही गिअर अडकत असेल तर क्लच सोडा, शिफ्टरच्या, म्हणजे गिअरच्या दांड्याच्या, सळया जुळवा. हर्स्ट कंपनीच्या शिफ्टरला त्यासाठी भोक असतं. तिन्ही लिव्हर न्यूट्रलमध्ये आणून त्या भोकात पाव इंची ड्रिल बिट आरपार घालायचं आणि सळया त्या स्थितीत कोणताही ताण न देता बसतील इतक्या लांबीच्या करायच्या. आयडल डगमगत असेल तर टर्बो ३५० च्या मॉड्युलेटरला जाणारी व्हॅक्यूमची नळी उघडी राहिली आहे का पाहा, ते तोंड बंद करा. १९६९ पासूनच्या जनरल मोटर्सच्या गाड्यांमध्ये किल्ली निघत नसेल तर स्टिअरिंग कॉलमचं कुलूप गिअरशी जोडणारी बॅकड्राइव्ह सळई बसवायची राहिली आहे. आणि विशिष्ट आरपीएमला सगळी गाडी थरथरत असेल तर गाडी चालवणं थांबवा, त्याबद्दल शेवटी लिहितो.

पेडलाला हात लावण्याआधी

ऑटोमॅटिक गाडीत स्टार्टरची वायर न्यूट्रल सेफ्टी स्विचमधून जाते. पार्क किंवा न्यूट्रलशिवाय स्टार्टर फिरत नाही. गिअरबॉक्स बदलताना बरेच जण त्या दोन वायरी सरळ एकमेकींना जोडून टाकतात. जनरल मोटर्सच्या गाडीत ती जांभळी वायर. मग गाडी गिअरमध्ये असतानाही किल्ली फिरवली की उडी मारते. आपण आता गाडीखाली आणि गाडीपुढे उभं राहून गिअर टाकून बघणार आहोत, म्हणून आधी क्लच पेडलवर स्विच बसवून त्या वायरी त्यातून न्या. रिव्हर्सच्या दिव्याची वायरही त्याच बैठकीत नव्या गिअरबॉक्सच्या स्विचला जोडून घ्या.

आता गाडीत पार्क नाही, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. हँडब्रेक नीट धरतो का पाहा, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावा, आणि गाडी फक्त जॅकवर उचलून तिच्याखाली कधीही शिरू नका, स्टँड लावा.

त्रास नेमका बदललेल्या गाड्यांतच का

कारखान्यातून मॅन्युअल निघालेल्या गाडीत पेडल, सळई, झेड-बार (पेडलाचा जोर फोर्ककडे नेणारा आडवा दांडा), फोर्क (बेअरिंग ढकलणारा काटा), रिलीज बेअरिंग, प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या जड चाकावर, दाबून धरणारी) हे सगळं एकमेकांसाठी बनवलेलं असतं. आपल्या गाडीत पेडल भंगारवाल्याकडून, बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लचचं आवरण) कोणाच्या तरी गॅरेजमधून, क्लचचा सेट नवा आणि फोर्क आणखी कुठून तरी येतो. प्रत्येक वस्तू आपापल्या जागी बरोबर असते, पण त्यांची बेरीज जुळत नाही.

ढोबळ हिशोब सांगतो. पेडल सुमारे सहा इंच खाली जातं. तिकडे रिलीज बेअरिंग जेमतेम अर्धा इंच सरकतं. प्रेशर प्लेट त्याहून कितीतरी कमी उचलली जाते, साधारण साठ थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, वर्कशॉपमध्ये काम केलेल्यांना तो तोंडपाठ असतो. म्हणजे पेडलाचा एक इंच वाया गेला तर बेअरिंगवर ऐंशी थाऊ गेले आणि प्लेटवर दहा-बारा. साठातले बारा गेले, शिवाय एखादं बुश ढिलं, शिवाय कुठलासा पत्रा वाकतोय, की क्लच प्लेट फ्लायव्हीलला घासत राहते. एकच मोठा दोष शोधत बसणारे इथे फसतात. बहुतेक वेळा तीन लहान गळती असतात.

फुकटची तपासणी: गालिचा, रबर आणि मोकळी चाल

सर्वात आधी चालकाच्या पायाखालचा गालिचा उचला. नवा गालिचा आणि त्याखालचं जाड पॅडिंग मिळून सहज पाऊण-एक इंच होतं, आणि ऑटोमॅटिकसाठी कापलेल्या गालिच्यात क्लच पेडलाची जागा विचारात घेतलेली नसते. एका शेव्हेलमध्ये सगळा दोष एवढाच होता. मालकाने दोनदा गिअरबॉक्स उतरवला होता. पेडल वर जिथे थांबतं तिथलं रबरही पाहा. ते चुकीच्या जाडीचं असेल तर पेडल मुळातच खाली सुरू होतं.

मग मोकळी चाल. बोटाने पेडल दाबा. पहिला इंचभर प्रवास हलका आणि मग जड, असं वाटलं पाहिजे. मोकळी चाल दोन इंच असेल तर सळई लांब करा, क्लच तेवढ्यानेच सुटू शकतो. मोकळी चाल अजिबात नसेल तर बेअरिंग सतत प्रेशर प्लेटच्या फिंगरांवर, म्हणजे ते ज्या पट्ट्या दाबतं त्यांवर, टेकून फिरतंय, ते लवकर जळेल आणि क्लच घसरेल. सळईचे आटे संपले आणि तरी चाल जुळत नसेल तर आणखी लांब सळई शोधू नका. आतली भूमिती चुकली आहे, त्याकडे येतोच.

टॉर्च आणि एक मदतनीस

ही तपासणी मला सगळ्यात जास्त फळली आहे, म्हणून सविस्तर लिहितो. इंजिन बंद. एक जण आत बसून पेडल सावकाश दाबतो आणि सोडतो. माझ्याकडे हे काम मुलीचं असतं, आणि आता ती मला सांगायच्या आधी ओळखते की पेडल कुठे अडखळतंय. तुम्ही बॉनेट उघडून वरून आणि मग खालून टॉर्चच्या उजेडात प्रत्येक सांधा बघायचा. डोळ्यांनी बघून थांबू नका, पट्टी लावा. पेडल किती इंच गेलं, झेड-बारची वरची भुजा किती, खालची भुजा किती, फोर्कचं बाहेरचं टोक किती, हे चार आकडे कागदावर लिहा. मग पेडल सोडून तीच मापं उलट घ्या. जिथे हालचाल अचानक गळते, तिथे दोष.

गळतीच्या जागा ठरलेल्या आहेत. पेडलच्या पिनेचं भोक लंबगोल झालेलं असतं. झेड-बारच्या टोकातली बुशं झिजलेली किंवा बसवायचीच राहिलेली असतात. चॅसिसकडचा ब्रॅकेट पातळ पत्र्याचा असतो, तो दाबाखाली वाकतो. पेडल दाबताना फायरवॉलचाच पत्रा आत-बाहेर होताना मी दोन गाड्यांत पाहिलाय, तिथे आतून जाड पट्टी लावावी लागली. फोर्क बेल हाउसिंगच्या खिडकीच्या मागच्या कडेला टेकत असेल तर बाहेर कितीही जुळवलं तरी पुढे जागाच नाही. एक्झॉस्टचे मोठे हेडर बसवलेल्या गाडीत झेड-बार पाइपला घासतो का, तेही बघा.

झेड-बारचं दुसरं टोक इंजिनच्या डाव्या बाजूला एका गोल स्टडवर बसतं, आणि इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. झेड-बारचं एक टोक चॅसिसवर आणि दुसरं इंजिनवर असतं. म्हणजे इंजिन हललं की झेड-बार तिरका होतो. डावं इंजिन माउंट तुटलेलं असेल तर जोर लावताना इंजिन त्याच बाजूने उचललं जातं. ही किरकोळ शक्यता नाही. तुटणाऱ्या माउंटांपायी जनरल मोटर्सने डिसेंबर १९७१ मध्ये साठ लाखांहून जास्त शेव्हरोले गाड्या परत बोलावल्या होत्या, आणि १९६७ ते ६९ ची कॅमॅरो त्यांत होती. तेव्हाचा उपाय म्हणजे इंजिन उचललं जाऊ नये म्हणून एक केबल बांधणं. इंजिन बंद असताना पहारीने डावी बाजू हलकेच उचलून पाहा. रबर आणि लोखंड वेगळं होताना दिसलं तर आधी दोन्ही माउंट बदला. पन्नास वर्षांचं रबर तसंही बदलायलाच हवं.

हायड्रॉलिक असेल तर

झेड-बारऐवजी मास्टर सिलिंडर (पेडलाच्या जोराने तेल ढकलणारा) बसवलेल्या गाड्या आता खूप दिसतात. पेडल दोन-तीनदा मारल्यावर गिअर पडतो म्हणजे नळीत हवा आहे. आधी हवा काढा. एकदा काढून भागत नाही, विशेषतः बेअरिंग आणि स्लेव्ह सिलिंडर (त्या तेलाच्या दाबाने बेअरिंग सरकवणारा) एकत्र असेल आणि नळी आत चढ-उतार घेत गेली असेल तर. हवा काढूनही दुसऱ्या दिवशी पेडल मऊ झालं तर कुठून तरी गळतंय. मास्टरच्या मागे गालिच्यावर ओल आहे का हाताने पाहा.

हवा नाही आणि तरीही क्लच सुटत नाही, तर मास्टरच्या आतला पिस्टन किती सरकतो ते मोजा. पुशरॉड पेडलाला तिरकी जोडली असेल तर प्रवास वाया जातो आणि सीलही एका बाजूने झिजतं. सिलिंडरचा व्यास हा इथला मुख्य आकडा. पाऊण इंच व्यासाचा मास्टर सव्वा इंच सरकला तर सुमारे ०.५५ घन इंच तेल ढकलतो. स्लेव्हला किती लागतं ते त्याच्या कागदावर असतं. कमी पडत असेल तर मोठा मास्टर लागेल, पण मग पेडल जड होईल आणि बेअरिंग गरजेपेक्षा पुढे जाऊन फिंगरं वाकवू शकतं. मोठा मास्टर बसवला की पेडलखाली थांबा बसवणं सक्तीचं समजा.

तेल

थोडक्यात आटोपतो. मन्सीसारख्या पितळी सिंक्रो असलेल्या गिअरबॉक्सला जीएल-४ प्रतीचं ८०डब्ल्यू-९० लागतं. दुकानात सहज मिळणाऱ्या जीएल-५ मधले गंधकयुक्त घटक पिवळ्या धातूला सोसत नाहीत आणि सिंक्रो नीट पकडत नाहीत. नव्या ट्रेमेक टीकेएक्स या मॅन्युअल गिअरबॉक्सला मात्र ऑटोमॅटिकचं तेल लागतं, त्यात जाड गिअर ऑइल घातलं तर थंडीत दुसरा गिअर पडणारच नाही. तेल बदलल्याने क्लच सुटणार नाही, पण गिअरची जडता तेलामुळे असेल तर ती इथेच संपेल.

निकाल लावणारं माप

आता फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, काढा. बेल हाउसिंगचं खालचं पत्र्याचं कव्हर उघडा, किंवा फोर्कची खिडकी, जिथून क्लच प्लेटची कड दिसेल तिथून. मदतनीसाने पेडल तळाला दाबून ठेवायचं. इंजिन बंद आणि बॅटरीची वायर काढलेली, ही अट मोडायची नाही. प्लेट आणि फ्लायव्हीलच्या किंवा प्लेट आणि प्रेशर प्लेटच्या मध्ये मिळून तीस ते पन्नास थाऊ फट हवी. इंजिन हाताने फिरवून तीन ठिकाणी मोजा.

फट कमी असेल तर दोष फोर्क, बेअरिंग किंवा त्याच्या मागच्या साखळीत आहे. फट भरपूर आणि तरीही खरखर, तर प्लेट मोकळी असूनही शाफ्ट फिरतोय, म्हणजे संशय पायलट बुशवर (क्रँकच्या टोकात शाफ्टला आधार देणारं), बेल हाउसिंगच्या केंद्रावर किंवा शाफ्टच्या दात्यांवर अडकणाऱ्या प्लेटवर. गिअरबॉक्स उतरवायचाच झाला तर आत काय शोधायचं, हे या एका मापाने कळतं. हे माप न घेता उतरवलेला गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो, हे मी फार वेळा पाहिलंय.

गिअरबॉक्स उतरवल्यावर

मन्सीचं आवरण अॅल्युमिनियमचं असलं तरी वजन तीस किलोंच्या वर भरतं, आणि बीडाच्या आवरणाचा फोर्ड टॉपलोडर त्याहून जड. छातीवर घेऊन उतरवण्याचं धाडस करू नका, ट्रान्समिशन जॅक भाड्याने मिळतो. जुन्या क्लचच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकतो. कॉम्प्रेसरने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

क्लच प्लेट उलटी बसली आहे का ते आधी बघा. फ्लायव्हीलची बाजू प्लेटवर लिहिलेली असते. उलटी बसली की मधल्या स्प्रिंगांचा भाग फ्लायव्हीलच्या बोल्टांवर टेकतो आणि क्लच कधीच सुटत नाही.

मग बेअरिंगची उंची. शेव्हरोलेला दोन उंचीची रिलीज बेअरिंग चालतात आणि दोन्ही फोर्कमध्ये सारखीच बसतात, म्हणून घोळ होतो. ज्या प्रेशर प्लेटची फिंगरं वर वाकलेली असतात तिला आखूड बेअरिंग, सपाट फिंगरांना लांब. सपाट फिंगरांसमोर आखूड बेअरिंग आलं की ते टेकेपर्यंत फोर्कचं बाहेरचं टोक खिडकीच्या मागच्या कडेपर्यंत पोचलेलं असतं. सळईचे आटे संपण्याचं खरं कारण हेच. फोर्क ज्या गोल स्टडवर तोलतो त्याची उंचीही याच वेळी पाहून घ्या. बेअरिंग टेकलेलं असताना फोर्क इंजिनच्या रेषेला साधारण काटकोनात, किंचित पुढे झुकलेला हवा.

आता पायलट बुश. ऑटोमॅटिक गाडीत ते नसतंच. टॉर्क कन्व्हर्टरचा (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो त्याचा) मधला गोल भाग क्रँकच्या टोकातल्या खाचेत बसतो, तिथे शाफ्ट येत नाही, म्हणून काही ऑटोमॅटिक इंजिनांत क्रँकचं आतलं भोक शेवटच्या मापाला पूर्ण केलेलंच नसतं. मोपारच्या, म्हणजे डॉज आणि प्लिमथच्या इंजिनांत हे फार भेटतं. भोक पुरेसं खोल नसेल तर शाफ्टचं टोक तळाला टेकतं, आणि बोल्ट आवळत गिअरबॉक्स ओढून घेतला तर क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर कायमचा दाब येतो. इंजिन जाईल. आमच्या प्लिमथमध्ये कन्व्हर्टरच्या खाचेत बसणारं रोलर बेअरिंग वापरून आम्ही भोकाला हातच लावला नाही. तो पर्याय तुमच्या इंजिनाला आहे का ते आधी विचारा.

शेव्हरोलेत शाफ्टचं टोक ०.५९० इंचाचं असतं. बुश गाडीत बसवण्याआधी त्या टोकावर घालून पाहा, बोटाने मोकळं फिरलं पाहिजे. ठोकून बसवल्यावर बुश आकसतं, म्हणून बसवल्यानंतर पुन्हा मापायचं. दोन-तीन थाऊ मोकळीक हवी. बुशला चुंबक लावून पाहा. चिकटलं तर त्यात लोखंड आहे, ते शाफ्टचं टोक खातं. अस्सल ब्राँझचं घ्या, किंमतीत फारसा फरक नाही. बुश आवळत असेल तर थंडीत सुरळीत आणि गरम झाल्यावर खरखर, ही खूण बरोबर जुळते.

आणि शेवटी बेल हाउसिंग. ब्लॉकवरच्या दोन डॉवेल पिना तिला केंद्रात धरतात. ऑटोमॅटिक उतरवताना कधीकधी त्या पिना त्याच्याच आवरणात अडकून निघून जातात आणि कोणाच्या लक्षात येत नाही. मग बेल हाउसिंग फक्त बोल्टांवर लटकते. माझ्या कॅमॅरोत हेच झालं होतं. ज्या दुकानाने काम केलं त्यांनी एकच पिन बसवली होती, आणि सहा महिन्यांत पायलट बुशचा चुरा झाला.

पिना असल्या तरी मोजायचंच. क्लच न बसवता बेल हाउसिंग आवळा, डायल गेज (काट्याने थाऊ दाखवणारं माप) चुंबकी पायाने फ्लायव्हीलवर बसवा आणि त्याचं टोक मधल्या मोठ्या गोल भोकाच्या आतल्या कडेला लावा. स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. काट्याचा एकूण फरक पाच थाऊच्या आत हवा. जास्त आला तर त्याच्या निम्मं अंतर केंद्र सरकलेलं आहे. सोळा थाऊ फरक म्हणजे आठ थाऊ सरक, त्याला सात थाऊची ऑफसेट, म्हणजे मध्य तेवढा बाजूला असलेली, डॉवेल पिन चालेल. सात, चौदा आणि एकवीस थाऊच्या पिना मिळतात. पहिल्यांदा मला यात एक अख्खी दुपार गेली. आता तासाभरात होतं, आणि मी ते एकाही गाडीत टाळत नाही.

परत बसवताना गिअरबॉक्स क्लच प्लेटच्या आधाराने लटकू देऊ नका. प्लेट तिथेच वाकते आणि वाकलेली प्लेट कधीच पूर्ण सुटत नाही. शेवटची दोन-तीन सूत अडली तर बोल्टांनी ओढू नका, बाहेर काढून का अडतंय ते पाहा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

क्रँकचं भोक मोठं किंवा खोल करायचं असेल तर ते मशीन शॉपचं काम आहे, घरच्या ड्रिलने केंद्र साधत नाही. फ्लायव्हीलवर निळसर डाग किंवा बारीक भेगा दिसल्या तर ते तपासणाऱ्याकडे द्या, भेग पडलेलं घासून वापरू नका. बेल हाउसिंगला कान्यांपाशी तडा असेल तर वेल्डिंग नको, दुसरी घ्या. दोन वेगवेगळ्या पिना लावूनही केंद्र जुळत नसेल तर हाउसिंग किंवा ब्लॉक चुकीचा कापलेला आहे, पुढे तुमच्याकडे उपाय नाही. गिअरबॉक्सच्या तेलात पितळेचे मोठे कण निघाले, किंवा जोर सोडल्यावर गाडी स्वतःहून गिअरमधून बाहेर येत असेल, तर तो उघडणाऱ्या अनुभवी माणसाकडे न्या. गिअरबॉक्सचा बोगदा कापून क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सला खालून धरणारा आडवा आधार) वेल्ड करायचा असेल आणि वेल्डिंगचा सराव नसेल तर तेही सोपवा. पेट्रोलची नळी तिथूनच जाते.

थरथरीबद्दल वर सांगितलं होतं. ऑटोमॅटिकची फ्लेक्सप्लेट (फ्लायव्हीलच्या जागची पातळ चकती) काढून फ्लायव्हील बसवताना इंजिनाचा तोल बदलू शकतो. शेव्हरोलेचं ३५० आतून तोललेलं असतं, तर ४०० ला बाहेरून वजन लागतं, आणि १९८६ पासूनच्या एकसंध मागच्या सीलच्या ३५० ला फ्लायव्हीलवर वजन लागतंच. फोर्डच्या जुन्या २८९ आणि ३०२ ला अठ्ठावीस औंसाचा तोल, ऐंशीच्या दशकातल्या ५.० ला पन्नासचा. चुकीचं फ्लायव्हील बसलं तर आरपीएम वाढेल तशी थरथर वाढत जाते. त्या अवस्थेत गाडी 'जरा पाहू' म्हणूनही चालवू नका. फ्लायव्हील फुटलं तर त्याचे तुकडे चालकाच्या पायांच्या उंचीवरून बाहेर येतात. ड्रॅगच्या शर्यतींत एसएफआय ६.१ या सुरक्षा मानकाचं पोलादी बेल हाउसिंग वापरतात ते याचसाठी, आणि जोरदार इंजिन असलेल्या रस्त्यावरच्या गाडीतही मी तेच बसवतो.

सगळं जुळल्यावर पहिले पाचशे मैल गाडी शहरातल्या रहदारीत, भरपूर गिअर बदलत चालवा, चाकं फिरवत सुटू नका. नवी प्लेट झिजून बसते तशी पेडलाची मोकळी चाल कमी होत जाते. पाचशे मैलांनंतर ती पुन्हा इंचभर करून घ्या, आणि त्याच वेळी बेल हाउसिंगचे बोल्ट एकदा पान्याने तपासा.